रीपरमधले फुकट इफेक्ट : अहिराणी गाण्यांवर काही महिने वापरून

धुळ्यात घरातल्याच खोलीत आम्ही अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. लग्नसराई आणि कानबाईच्या आधीचे दिवस हा आमचा सीझन. पूर्वी एका मोठ्या कंपनीचं महागडं प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारे छोटे प्रोग्राम) बंडल होतं. त्याला लायसन्स तपासायला सारखं नेट लागायचं. लाइट गेली की राउटर बंद, आणि बॅटरीवर लॅपटॉप चालू असूनही काम ठप्प. म्हणून रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर आलो; इफेक्ट त्याच्यासोबतच येतात. 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, मग 60 डॉलर. ही सवलतीची किंमत वर्षाला 20 हजार डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्यांसाठी आहे. आमच्या धंद्याला तिथवर पोचायची घाई नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला रीआफिरचा, म्हणजे गोंगाट काढणाऱ्या इफेक्टचा. मे महिन्यात कूलर बंद करून कुणाला गायला लावणं म्हणजे पाप. मग गाणं सुरू व्हायच्या आधी नुसत्या कूलरचा आवाज काही सेकंद रेकॉर्ड करायचा, सबट्रॅक्ट (वजा करायच्या) मोडमध्ये प्रोफाइल आपोआप बनवायच्या पर्यायावर खूण करून तो तुकडा ऐकवायचा, नॉइज प्रोफाइल म्हणजे गोंगाटाचा नमुना घ्यायचा आणि खूण लगेच काढायची. खूण राहिली तर ते गायिकेचा आवाजही गोंगाट समजून कापायला लागतं. एकसारखी घरघर जाते. रिक्षाचा हॉर्न जात नाही. अति कापलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आणि हे कॉम्प्रेसरच्या आधी लावा. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, नंतर आपण गेन वाढवतो, त्याबरोबर कूलरही वर येतो.

रीआकॉम्प, म्हणजे रीपरचा कॉम्प्रेसर, दिसायला रुक्ष, पण शिकायला उत्तम. रेशो 4:1 म्हणजे थ्रेशोल्डच्या (दाबणं जिथे सुरू होतं त्या पातळीच्या) 12 डीबी वर गेलेला आवाज 3 डीबीच वर राहतो, हे मीटरवर डोळ्यांना दिसतं. ढोलकीवर अटॅक (कॉम्प्रेसरला पकडायला लागणारा वेळ) 1 मिलिसेकंद ठेवला की थाप मरते, मागची गुंज तेवढी उरते. तोच 25-30 वर नेला की थाप आधी निसटते, मग कॉम्प्रेसर पकडतो. गाणं नाचायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

ईक्यूचं (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टचं) फार सांगण्यासारखं नाही. गळ्यावर 100 हर्ट्झखालचं कापतो, 300 च्या आसपास छोट्या खोलीचा डबा-आवाज थोडा उतरवतो.

रीआट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारा इफेक्ट, जपून. अटॅक टाइम (इथे सूर जागेवर ओढायला लागणारा वेळ) कमी ठेवला तर ते हरकती सपाट करतं, आणि अहिराणी गाण्यातून हरकत गेली की उरलं काय? आम्ही चुकलेल्या ओळीपुरतंच लावतो.

आता इको. इथे प्रत्येक गायकाची एकच मागणी, "भो, इको आखो टाक!" म्हणजे आणखी टाक. तेव्हा डिले (इको किती वेळाने परत येतो ते) ठेक्यात बसवायचा. 60,000 ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा, त्या आकड्याने) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 100 बीपीएमला 600, अर्ध्या मात्रेला 300. मग इको भरपूर वाटतो, पण शब्द चिखलात जात नाहीत. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा इफेक्ट) वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सगळे आवाज तिकडे सेंड करतो. जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक ट्रॅकला वेगळा रिव्हर्ब परवडत नाही.

शेवटच्या लिमिटरवर (आवाज ठरलेल्या मर्यादेत ठेवून गाणं मोठं करणाऱ्या इफेक्टवर) मात्र ग्राहकाशी वाद ठरलेला. यूट्यूब -14 एलयूएफएसच्या (गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) वरचा आवाज स्वतःच खाली आणतं, म्हणून तिथे ठेचून मोठं करण्यात फायदा नाही. वरातीच्या डीजेला वेगळी फाइल देतो : दणदणीत, पण गळ्यावर इको जवळपास शून्य. तो त्याच्या मिक्सरवरून स्वतःचा टाकतोच.