फेस आला म्हणजे बुरशी मेली?

काल बी विंगच्या ग्रुपवर एक फोटो आला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात स्प्रेची बाटली. खाली लिहिलंय, ‘कार्पेटचा वास घालवून देतात, कुणाला हवंय का?’ जुलैत याच माणसाला मी ४,८०० रुपये मोजलेत, म्हणून घाईघाईनं लिहितेय.

आमचा गालिचा भदोहीचा, हाती विणलेला, वर लोकर, आत सुती ताणा. सासूबाईंनी दिलेला. डोंबिवलीच्या पावसात खिडकीतून पाणी आलं, एक कोपरा भिजला आणि चार दिवसांत हॉलला ओल्या गोणपाटासारखा कुबट वास सुटला. मी उदबत्त्या लावल्या, कापूर जाळला. वासावर वास, दुसरं काय!

तेवढ्यात बेल वाजली. आत येऊन त्यानं आधी स्वतःच्या मशीनच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला आणि गालिच्यावरून फिरवला. रुमाल काळा. (नंतर मी आमच्या व्हॅक्यूमला रुमाल लावून रोज झटकलेल्या सोफ्यावर फिरवला. तोही काळाच निघाला.) मग ‘जर्मन मिनरल पावडर’ भुरभुरली आणि वर ‘ॲक्टिव्हेटर’ मारला. फसफसून फेस आला. “बघा मॅडम, बुरशी मरतेय. घरात लहान मूल आहे ना?” झालं, मी तिथेच विरघळले.

सगळा गालिचा त्यानं चिंब केला, पावडरची दोन पाकिटं वेगळी विकली आणि पैसे कुठल्याशा खासगी नंबरवर यूपीआयनं घेतले. पाकिटावर ना उत्पादकाचं नाव-पत्ता, ना वजन, ना एमआरपी. एरवी दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मी हे सगळं वाचते.

दोन दिवस मोगऱ्याचा घमघमाट. तिसऱ्या दिवशी तोच कुबटपणा, आधीच्या दुप्पट. लाल रंग फुटून क्रीम काठात उतरला होता आणि एका जागी लोकर काथ्यासारखी राठ झाली होती. नंबर अर्थातच बंद.

समोरच्या काकूंनी पावडर चिमटीत घेतली. म्हणाल्या, “अगं, वरणाचा डाग साबण लागल्यावर लाल होतो ना? तसंच बघू.” बशीत हळदीचं पाणी केलं. एका बशीत खाण्याचा सोडा टाकला, तर पाणी जेमतेम नारिंगी झालं. दुसरीत ही पावडर टाकली, तर रक्तासारखं लालभडक. क्षार जितका कडक, तितकी हळद लाल. म्हणजे हा धुण्याचाच सोडा, वर अत्तर. लोकर हा केसाचाच प्रकार, असला कडक क्षार तिला सोसत नाही, रंगही सुटतो.

आणि तो फेस? ॲक्टिव्हेटरला आंबट वास येत होता, तो तेव्हा नाकाला कळला, डोक्याला नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुलीनं शाळेत ज्वालामुखी केला होता, तोच प्रयोग. खाण्याचा सोडा असो की धुण्याचा, फेस येतोच, आणि बुरशी असो-नसो, येतोच. उलट दोघं एकमेकांना मारतात, वासासाठी काही उरत नाही. म्हणून घरगुती उपायांमध्ये ‘सोडा आणि व्हिनेगर मिसळा’ असं वाचलं की आता मला हसू येतं.

मूळ भानगड ओलीची होती. वरची लोकर लवकर सुकली तरी आतलं सूत पाणी धरून ठेवतं, आणि या महाशयांनी ऐन पावसाळ्यात त्यात अजून बादलीभर ओतलं. आम्ही गालिचा दोन खुर्च्यांच्या पाठींवर उलटा टाकला आणि खालून-वरून पंखे तीन दिवस चालू ठेवले. ऊन पडलं तेव्हा गच्चीवर नेला, पालथाच, म्हणजे रंग विटत नाही. पूर्ण कोरडा झाल्यावरच खाण्याचा सोडा पिठाच्या चाळणीनं पातळ भुरभुरला, रात्रभर ठेवला आणि सकाळी सावकाश व्हॅक्यूम केला. असं दोनदा. साठेक रुपयांचा सोडा लागला. वास गेला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसले, तर विक्रेत्याच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. पावतीवर नुसता शिक्का, त्यातही पत्ता नाही. तुमच्या दारात आला तर निदान पाकिटाचा फोटो आधी काढा, आणि हळद हाताशी ठेवा.

राठ झालेल्या जागेवर आम्ही टीपॉय ठेवलाय. सासूबाई दिवाळीत येतायत.