रे रोडची वखार: तुळईचा तुकडा घेतला, फार समाधान झालं

वर्गातल्या मुलांना दाखवायला झाडाची वलयं हवी होती. रे रोडला जुन्या इमारतींचं लाकूड विकणाऱ्या एका वखारीत गेले. पाडलेल्या चाळीची बर्मा टीकची, म्हणजे ब्रह्मदेशी सागाची, तुळई होती. काकांनी वीतभर तुकडा कापला, "बाई, टोक नीट दिसायला पाहिजे ना?" म्हणत पॉलिशपेपरने स्वतः घासून दिला. ३५० रुपये.

घरी ओल्या फडक्याने पुसला आणि ९४ वलयं मोजली! सागात हंगामाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं पडतात, म्हणून प्रत्येक वर्षाची रेघ नजरेला येते. एका जागी चार-पाच वलयं इतकी दाटलेली, की भिंगच लागलं. पाऊस ओढ देतो तेव्हा साग सहसा असा आखडतो. अशाच वलयांवरून शास्त्रज्ञ जुन्या मान्सूनचा अंदाज बांधतात. त्याहून मागे जायचं तर गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून थराथराने वाढलेले चुनखडीचे स्तंभ. मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या अशा स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाची खूण सापडली. सिंधू संस्कृतीची शहरं ओस पडण्याशी अनेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात.

तक्रार एकच: मंगळवारी सांगितलेला तुकडा शनिवारी मिळाला, दोन फेऱ्या झाल्या. फोन करूनच जा.