पेलेट की लाकूड? न्यू हॅम्पशायरमधल्या पाच हिवाळ्यांनंतर

घरात उघडं फायरप्लेस आहेच, तेच पेटवू, असं मनात असेल तर ते आधी सोडून द्या. दिसायला छान असतं, पण खोलीतली तापलेली हवा चिमणीवाटे बाहेर ओढून नेतं. समोर बसणाऱ्याच्या नडग्या भाजतात आणि मागच्या खोल्या आणखी गार पडतात. खरी निवड पेलेट स्टोव्ह (पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या) आणि लाकडाचा स्टोव्ह यांच्यातच. मी दोन्ही वापरलेत. तीन हिवाळे पेलेट, नंतरचे दोन लाकूड. घर तेच, नॅशुआ शहराच्या थोडं बाहेर, तळघरात तेलाची टाकी असलेलं, म्हणजे एरवी तेलावर तापणारं.

पेलेटची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. चिमणी लागत नाही, भिंतीतून आडवा पाइप काढला की झालं. ४० पौंडांचं पोतं, अशी ५० पोती म्हणजे एक टन, गॅरेजात येऊन पडतात. पोतं ओतायचं, थर्मोस्टॅटवर आकडा लावायचा आणि कामाला लागायचं. आमच्याकडे जानेवारीत दिवसाला एक पोतं जायचं, कडाका असला तर दीड. पेलेट जळतात त्या भांड्यात राखेची घट्ट ढेप धरते ती खरवडावी लागते, बाकी फार काही नाही. धूरही नावालाच. घरात कोणाला दमा असेल तर मी तरी पेलेटच सुचवीन.

पेलेटच्या विरोधात लोक पहिला मुद्दा काढतात तो वीज जाण्याचा. २००८च्या डिसेंबरातल्या आईस स्टॉर्मबद्दल, म्हणजे पडताक्षणी गोठणाऱ्या पावसाच्या वादळाबद्दल, आमचे शेजारी अजून बोलतात. तेव्हा काही ठिकाणी वीज यायला दोन आठवडे लागले होते. आणि पेलेट स्टोव्हचं सगळंच विजेवर, पेटवणं, पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू, पंखे. पण जनरेटर असेल तर हा मुद्दा तिथेच मिटतो, आणि माझ्याकडे होता. मी वैतागलो ते वेगळ्याच गोष्टीने.

आवाजाने. दुकानात ते कळत नाही, तिथे आधीच गलका असतो. घरी पहिला आठवडा कौतुकात गेला. मग कानाला लागलं. एक पंखा धूर बाहेर ढकलणारा, दुसरा गरम हवा खोलीत फेकणारा, आणि मधूनमधून लोखंडी भांड्यात पेलेट पडल्याचं टण्‌टण्, तांदूळ निवडताना कोणी खडे ताटलीत टाकावेत तसं. दर रविवारी सकाळी मी कोल्हापूरला बाबांना फोन करतो. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. दर रविवारी तेच: "अरे, मिक्सर लावलायस का? बंद कर की जरा."

मिक्सर असता तर केला असता. पेलेट स्टोव्हचं बटण दाबलं तरी तो लगेच थांबत नाही. भांड्यातलं उरलेलं जळून आतलं लोखंड निवेपर्यंत पंखे फिरतच राहतात. आमच्या स्टोव्हला वीसेक मिनिटं लागायची. तोवर बाबा "बरं, ठेवतो मग" म्हणून मोकळे. शेवटी मी जॅकेट घालून गॅरेजातून फोन करायला लागलो. घरात एवढी महागाची शेगडी घुमतेय आणि आपण पेलेटच्या पोत्यांवर बसून कुडकुडतोय, हे लक्षात आलं त्या दिवशी माझ्यापुरता निकाल लागला. नवीन मॉडेलं शांत असतात म्हणे. असतीलही.

लाकडाचा स्टोव्ह गप्प असतो. बीड तापताना थोडं टिकटिकतं, तेवढंच. पण त्याची खटपट लपवत नाही. चिमणीच्या आतून स्टीलचा पाइप (लायनर), टाउनचं परमिट, विमा कंपनीला कळवणं, दरवर्षी चिमणी झाडून घेणं. आणि लाकूड. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, आम्हाला तीन लागतात. ती रचताना कंबरेचं काय होतं ते असो. घरात साली, भुसा, अधूनमधून एखादा कोळी. बायकोने व्हॅक्यूम क्लीनर स्टोव्हशेजारीच मुक्कामाला ठेवलाय. रात्रभर आच टिकवायची तर पहाटे उठून ओंडका घालावा लागतो. मी उठत नाही. तासभर तेलाचं हीटिंग चालतं, चालू दे.

चूल आणि बंब पेटवत मोठे झालो, आपल्याला काय शिकवणार, असं मलाही वाटलं होतं. आपली रीत खाली चिपाडं, वर लाकूड. इथे उलटं: जाड ओंडके तळाला, बारीक काटक्या वर, आणि काडी वरून लावायची. धूर खरंच कमी होतो, काचही काळी पडत नाही. बाबांना हे अजून पटलेलं नाही. आणि निखारे पुढे ओढून भरताचं वांगं भाजता येतं. पेलेटच्या भांड्यात ते मावणारही नाही.

चिमणी नसेल, कंबर दुखरी असेल किंवा दोघंही दिवसभर बाहेर असाल, तर पेलेटला नावं ठेवायचं कारण नाही. बाकीच्यांनी लाकडाचा विचार करून बघावा. मात्र कोणाच्या तरी गॅरेजातला जुनापुराणा स्टोव्ह स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. २०२०पासून नव्या स्टोव्हना ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) धुराची मर्यादा बरीच कडक आहे, ताशी २ ग्रॅम, खऱ्या सरपणावर चाचणी केली असेल तर २.५. जुन्यांचा धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो.

आणि लाकूड वसंतातच मागवा. विकणारा प्रत्येक जण माल 'सीझन्ड', म्हणजे नीट वाळलेला, आहे असंच सांगतो. ॲश झाडाचं लाकूड लवकर वाळतं, ओकच्या लाकडाला फोडल्यावर दोन उन्हाळे तरी लागतात. लाकडातला ओलावा मोजणारा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो. ट्रक आला की एक ओंडका तिथेच फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला सुया टोचा. आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला तर तेव्हाच बोला, ढीग अंगणात ओतल्यावर कोणी ऐकून घेत नाही. पहिल्या वर्षी मी ओतू दिला होता.