कन्सोलसमोरची दोन तिकिटं: ६,३५० रुपये

तिकिटांच्या नादात किती रुपयांना फसलो ते आधीच सांगून टाकतो. २,८०० ची दोन तिकिटं म्हणजे ५,६००, वर 'नाव बदलायचे' ७५०. एकूण ६,३५०. एका तिकिटाची छापील किंमत १,९९९. सोल्ड आउट शोच्या पोस्टखाली "दोन हवीत" लिहिलं की दहा मिनिटांत इनबॉक्स वाजतो. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

पण इथे तिकीट नाही, जागा विकली जात होती, आवाज जुळवतात त्या टेबलासमोरची. "साउंड कन्सोलच्या बरोबर पुढे, मधोमध." इलेक्ट्रॉनिक बँड व्हिज्युअल्ससकट पाहायचा तर जागा तीच, हे खरं. डावे-उजवे स्पीकर तिथूनच ऐकून जुळवलेले असतात. भाड्याच्या एलईडी वॉलचे दिवे ३.९ मिमी अंतरावर असतील तर चार मीटरच्या आत चित्र कमी आणि ठिपके जास्त दिसतात. कडेला गेलात की रंगही बदलतात. बॅरिकेडला लटकणाऱ्यांना हे कळत नाही. मला कळतं, आणि तिथेच माती खाल्ली.

पहिली खूण: शो पूर्ण स्टँडिंग होता! एकच तिकीट, कुठेही उभे राहा, जो आधी पोचेल त्याची जागा. 'कन्सोलसमोरचं तिकीट' अशी वस्तूच नव्हती. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसरी खूण पिन टाकण्याआधी स्क्रीनवर होती: प्रोफाइल एका मुलीचं, बँकेतलं नाव कुठल्याशा ट्रेडर्सचं. "दादाचं खातं आहे." नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, दादा असो की मामा. तिसरी खूण म्हणजे ७५० घेऊन पाठवलेला नवा स्क्रीनशॉट. माझं नाव जरा बारीक फाँटमध्ये, आणि क्यूआर जुनाच. तिकीट खरंच नव्याने निघालं असतं तर क्यूआर बदलला असता.

लोभी म्हणू नका. फुकट काही मागत नव्हतो, तिकिटामागे ८०१ जास्तच मोजले.

पुण्यात खराडीच्या लॉनवर गेटला लाल फुली: आधीच वापरलेलं. मागच्या दोन पोरांच्या फोनवर बुकिंग नंबरचे शेवटचे चार आकडे तेच. एक क्यूआर कितीही जणांना विकता येतो, आत जातो पहिला. पार्किंगमध्ये बेस छातीत घुमतो, व्हिज्युअल्सपैकी दिसतो तो झाडांच्या शेंड्यांवरचा जांभळा उजेड.

अॅपमध्ये ट्रान्सफरची सोय असेल तर तिकीट तुमच्या अॅपमध्ये आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सोय नसेल तर विकणाऱ्याला गेटवर बोलवा, स्कॅन झाल्यावर पैसे. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लगेच करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. माझ्या बाबतीत नऊ दिवस गेले होते. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. चौकीत म्हणाले, "ऑनलाइनचं आहे, सायबरला जा." सायबरला म्हणाले, "किती? सहा हजार? इथे चाळीस लाखवाले बसलेत." बसले होते, खरं आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, फसवणुकीच्या कलमात, किमान रकमेची अट कुठे आहे? अर्ज 'ठेवून जा' म्हणाले. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. तासभर बसून, शिक्का घेऊनच उठलो. तुम्हीही शिक्क्याशिवाय उठू नका. बँकेत वेगळंच: "पिन तुम्हीच टाकलात ना सर?" तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम अनधिकृत व्यवहारांसाठी होता, आपल्या हाताने पाठवलेल्या पैशांसाठी नव्हता. एवढं एक वाक्य सांगायला बँकेने सहा फोन घेतले.

चॅटचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण मेसेज मागे घेता येतात आणि प्रोफाइलचं नावही बदलतं. याचं बदललंय. फोटो तोच आहे, आणि आता मुंबईच्या शोची दोन तिकिटं विकायला आहेत. कन्सोलसमोरची.