यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: खर्रा सोडणाऱ्याला किती कामाचं?

सवय सुटत नाही, पण प्रभूवरचा भरवसा सुटलेला नाही, अशा माणसाच्या मोबाईलमध्ये हे अ‍ॅप जरूर असावं. त्यातल्या एका सोयीकडे मात्र साफ दुर्लक्ष करावं लागतं. नागपुरात ही लढाई बहुधा खर्ऱ्याशीच, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाशी असते, म्हणून त्याच अंगाने लिहितोय.

अ‍ॅप मोफत, जाहिराती नाहीत. मराठीत बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आहे, इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनही आहे. आपल्या चर्चमध्ये जे वाचतात तेच निवडा; पाठ करताना शब्द अडखळत नाहीत. मराठी वाचन योजना, म्हणजे रोज वाचायला ठरवून दिलेले भाग, इंग्रजीच्या मानाने कमी आहेत.

रोजचं वचन मोबाईलवर कधी यावं ती वेळ आपल्याला ठरवता येते. पहाटेची लावू नका. जेवण झाल्यावर किंवा ड्युटी सुटताना पाय पानठेल्याकडे वळतात, त्याच्या दहा मिनिटं आधीची लावा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात रोमकरांस पत्राचा 7 वा अध्याय मोठ्याने वाचून होतो. 25 च वचनं आहेत. जे करायला नको तेच माझ्या हातून होतं, हे पौलासारखा प्रेषित तिथे उघड सांगतो. मग लगेच 2 करिंथ 12:9 उघडा: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ हे वचन रंगवून ठेवा, म्हणजे शोधावं लागत नाही.

आता ती सोय. आपण सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं ते इथे मोजलं जातं आणि खंड पडला की गिनती पहिल्यापासून. माणूस नकळत खर्रा सोडल्याचे दिवसही त्याच आकड्याला बांधतो. मग एका संध्याकाळी खर्ऱ्याची पन्नी उघडली की दुसऱ्या दिवशी बायबल उघडायची लाज वाटते आणि आठवड्याभरात दोन्ही सुटतं. कृपा हजेरीपटावर चालत नाही! नीतिसूत्रे 24:16 मधला सात वेळा पडून उठणाराही नीतिमानच आहे. पडलात त्याच रात्री विलापगीत 3:22-23 वाचा; देवाची दया रोज सकाळी नवी होते, असं तिथे आहे. योजना मागे राहिली असेल तर तारखा आजपासून पुढे सरकवता येतात, त्या सरकवा.

योजना मित्रासोबतही वाचता येते. आमच्या मते अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. याकोब 5:16 एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगतं. त्यासाठी एकच विश्वासू माणूस घ्या. दहा जणांच्या ग्रुपमध्ये सगळे ‘आमेन’ लिहितात, ‘आज खाल्ला’ असं कोणी लिहीत नाही.

निकोटीन सुटतानाची चिडचिड आणि उडालेली झोप अ‍ॅपच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी 1800-11-2356 या सरकारी टोल-फ्री नंबरवर समुपदेशन मिळतं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे पाळकांनीही सांगायला हवं. आणि उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर योजना पूर्ण व्हायची वाट न पाहता शासकीय दंत महाविद्यालयात तोंड तपासून घ्या. सुपारीने आखडलेला जबडा आपोआप मोकळा होत नाही.