‘जेरिको’ सीझन 2, डीव्हीडी संच: शेंगदाण्यांनी परत आणलेले सात भाग

पहिला सीझन पाहिला नसेल तर या संचाला आधी हात लावू नका. इथे पात्रांची ओळख करून द्यायला वेळच नाही. सगळे मिळून सात भाग, आणि तेही चाहत्यांनी भांडून मिळवलेले.

अमेरिकेतल्या 23 शहरांत अणुस्फोट होतात आणि कॅन्ससमधलं जेरिको हे छोटं गाव एकटं पडतं, ही मूळ गोष्ट. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने नोव्हेंबर 2006 मध्ये मालिका मधेच थांबवली. फेब्रुवारीत ती परतली तेव्हा त्याच वेळेला समोर ‘अमेरिकन आयडल’ ही गाण्यांची स्पर्धा उभी. प्रेक्षक गळाले आणि मे 2007 मध्ये मालिका बंद झाली. पहिल्या सीझनच्या शेवटी शरण यायला सांगणाऱ्यांना नायक जेक एवढंच म्हणतो, ‘नट्स!’ (अर्थ ‘अजिबात नाही’, शब्दशः दाणे). दुसऱ्या महायुद्धात, बेल्जियममधल्या बास्तोनच्या वेढ्यात अमेरिकन जनरल मॅकऑलिफने 1944 मध्ये जर्मनांना दिलेलं हेच उत्तर. चाहत्यांनी ते उचललं आणि सीबीएसच्या कार्यालयात शेंगदाणे धाडायला सुरुवात केली. सुमारे 20 टन! जूनमध्ये सीबीएसच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी जाहीर पत्र लिहून सात भाग मंजूर केले आणि दोन गोष्टी मागितल्या: नवे प्रेक्षक आणा, आणि शेंगदाणे पाठवणं थांबवा.

त्या सात भागांचं लेखकांनी काय केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी त्यांनी सोनं केलंय. शायेनमधलं नवं सरकार, उभ्या पट्ट्यांचा नवा झेंडा, शाळेत आलेली बदललेल्या इतिहासाची पुस्तकं, सगळा कारभार ताब्यात घेणारी जेनिंग्ज अँड रॉल कंपनी. पहिल्याच भागात अंगावर काटा येतो. मेजर बेक (इसाय मोरालेस) हुकूम पाळता पाळता हळूहळू आतून हलत जातो, ते काम अप्रतिम आहे.

पण घाई जाणवते, आणि ती सलते. पहिल्या सीझनमधली थंडी, अन्नाची टंचाई, शेजारच्या न्यू बर्नशी धुमसणारं वैर, हे गावपण इथे फार कमी उरलंय. न्यू बर्नचा म्होरक्या कॉन्स्टँटिनो याचा धागा तर धड रंगतच नाही.

(हा परिच्छेद नव्या प्रेक्षकांनी वगळावा.) चौथ्या भागात स्टॅन्लीची कर्णबधिर बहीण बॉनी मारली जाते. ही भूमिका करणारी शोशाना स्टर्न स्वतः कर्णबधिर आहे आणि तिने बॉनीला कुठेही बिचारी होऊ दिलेलं नाही. स्टॅन्लीची होणारी बायको मिमी हिला वाचवायला बॉनी बंदूक उचलते. त्यानंतरचा स्टॅन्ली मला अजून बघवत नाही. एवढ्या एका भागासाठीसुद्धा त्या मोहिमेचे आभार मानावेत.

संचात प्रसारित न झालेला दुसरा शेवटही आहे. तिसरा सीझन मिळेल की नाही हे ठाऊक नसल्याने दोन शेवट चित्रित करून ठेवले होते. मार्च 2008 मध्ये मालिका पुन्हा बंद झाली, पण गोष्ट मिटवणारा शेवट हाताशी असल्याने आणि तोच दाखवल्याने चाहत्यांना अर्ध्यावर सोडलं गेलं नाही. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी 1968 मध्ये पत्रं लिहून अख्खा सीझन मिळवला, बंद पडलेल्या ‘द एक्सपान्स’ मालिकेला 2018 नंतर अ‍ॅमेझॉनवर आणखी तीन सीझन मिळाले. त्यापुढे सात भाग थोडे वाटतात. मला ते पुरले. अधाशासारखे एका बैठकीत संपवू नका, आणि प्रसारित झालेला शेवट आधी पाहा, दुसरा त्यानंतर.