अटल पेन्शन की श्रमयोगी मानधन?

हातावर पोट असणाऱ्याने म्हातारपणाची सोय बघायची म्हटली की सरकारी पेन्शन योजनांपैकी ही दोन नावं पुढे येतात. नुसता हप्ता बघितला तर श्रमयोगी सरळ जिंकते. तिसाव्या वर्षी नाव घातलं तर महिना 105 रुपये, तेवढेच सरकार टाकतं आणि साठीनंतर 3000 पेन्शन. अटलमध्ये त्याच वयात त्याच 3000 साठी 347 भरावे लागतात. आमच्यासारख्यांना हा फरक थोडाथोडका नाही.

तरी मी अटल घेतली.

माझं शिवणकाम. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते, पावसाळ्यात मशीनवर कापड टाकून बसायचं. असल्या कमाईत एखादा हप्ता चुकणारच. अटलमध्ये चुकला तर शंभरामागे महिना एक रुपया दंड लागतो, पण नाव बँकेतच घातलेलं असल्याने पासबुक घेऊन काउंटरवर उभं राहिलं की किती थकलंय ते कळतं. शिवाय हप्ता सहामाही करून घेता येतो. मेहुण्याने श्रमयोगी काढली ती सेवा केंद्रातून. मध्येच त्याचा हप्ता कापायचा थांबला. केंद्रवाला म्हणे बँकेत विचारा. बँकेत म्हणे, जिथे काढली तिथे जा. परत केंद्रात गेला तर सर्व्हर डाऊन. शंभराच्या आसपासचा हप्ता चालू करायला दिवसाची मजुरी बुडवायची, हे काही मला पटेना. सगळीकडे असंच होतं असं नाही म्हणत. तुमच्या गावचा केंद्रवाला चांगला असेलही.

मागे राहणाऱ्यांचंही बघा. श्रमयोगीत जोडीदाराला निम्मी पेन्शन, पुढे मुलांना काही नाही. अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण, आणि दोघांच्या पश्चात 3000 च्या पेन्शनवर वारसाला 5 लाख 10 हजार. (तीस वर्षांनी 3000 रुपयांत काय येणार, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.)

पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात येत असेल, तो 15 हजारांच्या आत असेल आणि पीएफ कापला जात नसेल, तर श्रमयोगीला नावं ठेवायला फारशी जागा नाही. चाळिशी जवळ आली असेल तर हिशेब आणखी बदलतो: 39 व्या वर्षी 3000 साठी अटलला 792, श्रमयोगीला 190. तरीही अटलच हवी असेल तर 1000 च्या पेन्शनपासून सुरुवात करा. वर्षातून एकदा फरक भरून रक्कम वाढवून घेता येते.